अठराव्या ओळीतल्या दोन रेघा

न्हाव्याच्या दुकानात एक बातमी शिजली होती. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे, सगळे ज्यांना पूर्णनाव म्हणतात ते, म्हणे या वयात दुसरं बिऱ्हाड चालवतात. पुरावा भरभक्कम होता. दर गुरुवारी दहाच्या सुमाराला हा गृहस्थ कापडी पिशवी काखोटीला मारून मागच्या गल्लीत जातो, इस्त्रीवालीच्या खोलीत शिरतो आणि बारा वाजेपर्यंत बाहेर येत नाही. इस्त्रीवाली विधवा, चाळिशीची, हाताला उरक आणि जिभेला धार. शिवाय पिशवीत काय असतं ते कुणी पाहिलेलं नाही. एवढ्या भांडवलावर न्हाव्यानं चार जणांच्या दाढ्या होईपर्यंत त्यांचं लग्नसुद्धा लावून दिलं.

खरी गोष्ट अशी की पिशवीत कपडे असत, आणि ती पिशवी पूर्णनावांची बायकोच भरून देई. न्हाव्याची बायको ही बातमी घेऊन मुद्दाम दोन जिने चढून आली तेव्हा काकू मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दुसरं बिऱ्हाड? अगं, ह्यांना या एका बिऱ्हाडात साखरेचा डबा सापडत नाही. दोन घरं म्हणजे दोन डबे. झेपायचं नाही त्यांना."

बातमी तिथंच बसली. पण एक शंका उरलीच. या माणसाकडे सगळे मिळून सदरे चार. मग दर आठवड्याला पिशवी फुगते कशानं? तर सदरे, पायजमे, उशांचे अभ्रे, हातरुमाल, रेडिओवरचं फडकं, आणि एकदा तर चक्क पायपुसणं. इस्त्रीवालीनं ते दोन बोटांत धरून विचारलं होतं, "काका, हे पाय पुसायचं आहे ना?" "हो," हे म्हणाले, "पण फार सुरकुतलंय." पायपुसण्याला कडक इस्त्री करून घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याच्या मनात काहीतरी टोचत असतं. पूर्णनाव वेडे नव्हते.

पूर्णनाव हे त्यांचं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पण आता खऱ्या नावानं हाक मारली तर ते मागं वळून बघायचे नाहीत. आमच्या इमारतीतले आणि मागच्यापुढच्या गल्लीतले सगळे फॉर्म तेच भरून देतात, फुकट. बँकेचा, शाळेचा, दवाखान्याचा, कुठलाही आणा. फॉर्मवर जिथं 'पूर्ण नाव' छापलंय तिथं ते पूर्ण नाव लिहितात आणि जिथं छापलेलं नाही तिथंही लिहितात. घरात सात माणसं असतील तर सातही ओळींत तोच पत्ता, मजल्यासकट, जिन्याच्या बाजूसकट. "अहो, खाली 'वरीलप्रमाणे' लिहा म्हणजे सुटलो," असं कुणी म्हणालं की त्यांचा हात थांबतो. ते पेनाला टोपण लावतात, आत जाऊन पाणी पिऊन येतात, आणि मग टोपण काढून सातवा पत्ता पहिल्याइतक्याच वळणदार अक्षरात लिहितात. लोकांना वाटतं, कारकुनाची खोड. खोड होती खरी, पण ती लागली कशी हे अकरा वर्षं त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

नोकरीची एकतीस वर्षं त्यांनी सैनिक कल्याण कचेरीत काढली. खिडकी तीन. सीमेवर गेलेल्या माणसाला सरकारकडून जे मिळायचं, आणि तो परत आला नाही तर त्याच्या माणसांना जे मिळायचं, ते सगळं या खिडकीतून आतबाहेर व्हायचं. तैनातीचा भत्ता, मुलांच्या फीची माफी, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, राहायला खोली. आणि शेवटी तो जाड तपकिरी लिफाफा. त्याला कचेरीत कुणी नावानं बोलत नसे. "तपकिरी आलाय," एवढंच म्हणायचे, आणि त्या दिवशी चहा गार व्हायचा.

आता तुम्हाला पटणार नाही, पण त्या काळात हा माणूस पक्का गंमत्या होता. त्याच्या टेबलाशी बसायला कारकून आपापल्या खुर्च्या ओढत आणत. बायका नवऱ्याच्या भत्त्यासाठी रांगेत उभ्या असायच्या, त्यांनाही तो हसवायचा. काम आणि तोंड दोन्ही एकाच वेगात चालायचं, आणि त्याचाच त्याला गर्व होता.

तुकडी तैनातीवर निघायच्या दिवशी कचेरीच मैदानावर जायची. दोन टेबलं, शाईचा डबा, आणि एकत्रित तक्ता. हा तक्ता म्हणजे टेबलभर कागद. एका ओळीत एक जवान. त्याचं नाव, क्रमांक, घरी आश्रित कोण कोण, मग एक बोटभर रकाना, 'वारसाशी नातं'. त्यापुढे जवानाची सही. वारसाचं नाव तिथं लिहायची पद्धत नव्हती. ते मागाहून कचेरीत बसून कुणीतरी सेवापुस्तकातून उतरवून घ्यायचं. नातं 'आई' असेल तर आईचं, 'पत्नी' असेल तर पत्नीचं. म्हणजे सगळा भार त्या बोटभर रकान्यातल्या एका शब्दावर.

त्या दिवशी बेचाळीस जवान होते आणि चारला गाड्या सुटायच्या होत्या. अकराव्या ओळीपासून सतराव्यापर्यंत सगळी नवी भरती, बिनलग्नाची पोरं. अकराव्याच्या रकान्यात पूर्णनावांनी 'आई' लिहिलं आणि खाली प्रत्येकाला दोन छोट्या रेघा ओढत गेले. वरीलप्रमाणे. सगळेच कारकून असं करायचे. तीन तासांचं काम दीड तासात उरकतो म्हणून पूर्णनावांचं कौतुकही व्हायचं. हात रेघा ओढत होता आणि तोंड शेजारच्या टेबलाला विनोद सांगत होतं.

अठरावा पुढं आला. अंगानं भरलेला, तिशीचा, कपाळावर टोपीचा वळ.

"आश्रित?"

"आई, बायको, मुलगी."

ते नीट लिहिलं.

"वारस?"

"बायको," तो म्हणाला, आणि कुणी न विचारता बायकोचं नावही सांगितलं, जरा जास्तच खणखणीत, जशी काही ती मैदानाच्या पलीकडे उभी आहे आणि तिला ऐकू जायला हवं.

पूर्णनावांनी ते ऐकलं. ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय असती तर पुढची अकरा वर्षं बरी गेली असती. पण ऐकलं. नेमका त्याच क्षणी विनोदाचा शेवट आला होता. शेजारचं टेबल खदखदलं, अठरावाही हसला, आणि हातानं सवयीनं दोन रेघा ओढल्या. त्यानं हसत हसत सही केली. सही जरा वाकडी आली, कारण खांदे हलत होते.

पाच महिन्यांनी तपकिरी आला. डोंगरातल्या वळणावर रस्ता खचला आणि गाडी दरीत गेली. चार नावं होती. पूर्णनावांनी तक्ता काढला, अठराव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट तिथंच राहिलं.

ते मोठ्या साहेबांकडे गेले. गेले नाहीत असं नाही. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "सही त्याची आहे?"

"त्याचीच."

"मग नोंद त्याची आहे. हे उकरलंत तर बेचाळीस ओळी उकराव्या लागतील, आणि त्या आधी तुमचं निवृत्तिवेतन. किती वर्षं राहिली तुमची?"

"तीन."

"जा, चहा घ्या."

आणि हा माणूस गेला, आणि त्यानं चहा घेतला. चहा घेतल्याचं त्यांना पुढं सगळ्यात जास्त आठवायचं. साहेबांचं वाक्य विसरायला झालं, पण कपाच्या कानाला तडा होता, हे लक्षात राहिलं. त्या दिवसानंतर खिडकी तीनमध्ये विनोद बंद झाले. कचेरीत वाटलं, वय झालं.

नियमाप्रमाणे मोठी रक्कम आणि मागच्या गल्लीतली खोली आईच्या नावानं झाली. बायकोला महिन्याचं वेतन लागलं, तेही चौदा महिन्यांनी. सासू, सून आणि सहा वर्षांची नात अशा तिघी त्या खोलीत राहायला आल्या. घर सासूचं, दार सासूचं, भिंतीवरचा त्याचा फोटो तेवढा दोघींचा. सुनेनं खिडकीशी टेबल टाकलं, त्यावर घोंगडी घडी करून पसरली आणि इस्त्रीचा धंदा सुरू केला. पूर्णनावांचं घर दोन वळणांवर. निवृत्त झाल्यावर पहिल्याच गुरुवारी ते दोन सदरे घेऊन तिच्या दारात उभे राहिले. सदरे आदल्याच दिवशी काकूंनी घरी इस्त्री केलेले होते.

आठ वर्षं असं चाललं. ते कपडे टाकायचे आणि तिचे कागद भरायचे. म्हातारीचा हयातीचा दाखला, सुनेचा पुनर्विवाह न केल्याचा दाखला, नातीच्या फीमाफीचा अर्ज. तो पुनर्विवाहाचा कागद दर वर्षी ते खाली मान घालून पुढं करायचे, आणि ती दर वर्षी म्हणायची, "लिहा काका, यंदाही कुणी विचारलं नाही." स्टुलावर बसवून त्यांना चहा द्यायची. फुकट काम करणारा देवमाणूस म्हणून चार जणींना सांगायची. हे सगळं त्यांना स्टुलावर बसून ऐकावं लागायचं.

आणि दुसरंही ऐकावं लागायचं. खाटेवरची म्हातारी मधूनमधून, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणायची, "माझ्या लेकानं माझं नाव लावलंय. जाताना त्याला आईच आठवली." सुनेची पुढच्या सदऱ्यावर इस्त्री जरा जोरात पडायची. आठ वर्षांत पूर्णनावांना तो आवाज इतका ओळखीचा झाला, की रात्री वरच्या मजल्यावर कुणी भांडं आपटलं तरी ते दचकून उठायचे.

एकदाच ती बोलली होती. "काका, मला खोलीचं काही नाही. नावावर त्यांच्या असली तरी झाडते मीच. पण जाताना ह्यांना एकच शब्द सांगायचा होता. त्यात मी नव्हते. दहा वर्षांचा संसार होता हो आमचा." पुढच्या गुरुवारी पूर्णनावांनी ते पायपुसणं नेलं होतं.

तर यंदा नात सतरा वर्षांची झाली. सीमेवर गेलेल्यांच्या मुलांसाठी परिचारिकांच्या महाविद्यालयात जागा राखून ठेवतात, तिथं तिला घालायचं ठरलं. अर्जाला जोडायची होती मूळ वारसनोंदीची प्रत. ओळखीच्या कचेरीतून ती आणायचं काम कुणाचं, हे विचारायलाच नको होतं. पूर्वी दोनदा इस्त्रीवालीनं ती प्रत मागितली होती, उगाच, बघायला. दोन्ही वेळा पूर्णनावांनी "फाइल सापडत नाही" असं सांगितलं होतं. आता पोरीची जागा अडली होती. फाइल सापडावीच लागली.

शनिवारी प्रत हातात आली. अठरावी ओळ, दोन रेघा, वाकडी सही. त्यांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली, आणि रविवारी त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. तिच्यामुळे त्यांना जेवण जाईना. कागदात त्यांच्याविरुद्ध काहीच नव्हतं. वर 'आई', खाली वरीलप्रमाणे, पुढे जवानाची सही. कागद त्यांच्याच बाजूनं साक्ष देत होता. नुसता नेऊन द्यायचा, "बघ बाई, असंच लिहिलंय," म्हणायचं, आणि जन्माचा निकाल लागला. अठराव्यानं काय सांगितलं होतं हे जगात दोनच माणसं छातीठोकपणे सांगू शकत होती, आणि त्यातला एक फोटोत होता.

गुरुवारी काकूंनी पिशवी भरायला घेतली. हे म्हणाले, "आज कपडे नकोत."

"मग इस्त्री कशाला करणार? तुम्हाला?"

"बघू," पूर्णनाव म्हणाले, आणि चपला उलट्या पायांत घालून निघाले. काकूंनी जिन्यावरून हाक मारून त्या बदलायला लावल्या.

खोलीत नेहमीसारखी गरम सुती कपड्यांची वाफ होती. गाठोड्यांना कापडी क्रमांक टाचलेले. नात शिकवणीला गेली होती, म्हातारी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पूर्णनावांनी प्रत पुढे केली. पाच दिवस पिशवीत राहून तिच्या चार घड्या झाल्या होत्या आणि कोपरे मळले होते.

इस्त्रीवालीनं ती लगेच वाचली नाही. टेबलावर पालथी पसरली, वर पातळ ओलसर कापड टाकलं, इस्त्रीचा आकडा कमी केला, आणि हलक्या हातानं घड्या मोडून काढल्या. एखाद्या पाहुण्याचा सदरा असावा तशी. मग कापड उचललं, कागद उलटा केला आणि बोटानं ओळी मोजत अठरावर आली.

"हे तर तुमचं अक्षर."

"हो."

"म्हणजे तुम्ही होतात तिथं." तिनं मान वर केली. "इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी." मग पुन्हा कागदाकडे. "ह्या रेघा कसल्या?"

"वरीलप्रमाणे."

"ते दिसतंय. वर आई आहे. मी विचारते ते असं, की ह्यांनी तोंडानं काय सांगितलं?"

आता पाहा, किती सोपं होतं. 'आई' म्हणायचं. दोन अक्षरं. पूर्णनावांनी तोंड उघडलं आणि त्यातून अठराव्याच्याच आवाजासारखं, नको इतकं खणखणीत, तिचं नाव बाहेर पडलं. पूर्ण नाव.

मग राहिलेलं सगळं सांगितलं. अकरावी ओळ, सतरावी ओळ, चारच्या गाड्या, साहेब, चहा. कपाच्या तडा गेलेल्या कानाचंही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. इस्त्री उभी करून ठेवलेली होती आणि टकटक करत गार होत होती.

"नजरचूक झाली," ते शेवटी म्हणाले.

"नजर कुठं होती तुमची?"

"विनोद सांगत होतो."

"काय?"

"शेजारच्या टेबलाला. विनोद. त्याचा शेवट आला होता, आणि..." त्यांनी सहीकडे बोट केलं. "तोही हसला. तुमचे ते. हसत सही केली, म्हणून वाकडी आहे."

तिनं कागद उचलून सही डोळ्यांजवळ धरली. मग स्टुलावर बसली. या खोलीत ती बसलेली पूर्णनावांनी पहिल्यांदा पाहिली. "अकरा वर्षं भांडतेय मी ह्यांच्याशी," ती म्हणाली, त्यांना नाही, सहीला. "पोरीला ताप आला तरी फोटोकडे बघून मी म्हणायचे, बोलवा तुमच्या आईला. आता ह्यांची माफी मागायचा अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, सांगा काका. तीन नंबरच्या?"

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अर्जाची खिडकी पूर्णनावांना माहीत नव्हती.

"कोणता होता?" तिनं विचारलं.

"काय?"

"विनोद. सांगा."

"नको, ताई."

"सांगा म्हणते ना."

अकरा वर्षांत ज्या माणसानं कुणाला हसवलं नव्हतं, त्यानं गुन्हा कबूल करावा तसा विनोद सांगितला. एक जवान रजेचा अर्ज टाकतो. कारण लिहितो, बायकोला करमत नाही. साहेब म्हणतात, पुरावा जोड. तो बायकोचं पत्र जोडतो. साहेब पत्र उघडतात, तर आत लिहिलेलं, तुम्ही गेल्यापासून घर अगदी शांत आहे, सावकाश या.

"पुढे?" ती म्हणाली. आवाज वेगळाच होता. "इथवर मला ह्यांनी फोनवर सांगितला होता. त्याच रात्री. पत्रापर्यंत आले आणि हसतच सुटले, आणि मग फोन गेला. मला वाटलं, मला टोमणा मारतायत. मी घरी किरकिर करते म्हणून. पुढे काय?"

पूर्णनाव खाली बघत सांगू लागले. "साहेब विचारतात, यात रजा देण्यासारखं काय आहे? तर जवान म्हणतो, साहेब, दहा वर्षांत आमचं घर एक दिवस शांत नव्हतं. आता शांत आहे म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय. मला जायलाच पाहिजे."

ती हसली नाही. उठून मोरीत गेली, आणि नळ खूप वेळ वाहत राहिला.

खाटेवर हालचाल झाली. म्हातारीनं कूस बदलली. तिचा डावा कान बहिरा, पण ती उजव्यावर झोपली नव्हती. "म्हणजे," ती म्हणाली, "माझं नाव त्यानं सांगितलंच नव्हतं."

पूर्णनावांनी या बाजूचा विचारच केला नव्हता. पाच दिवसांत एकदाही नाही. एकीचं जे परत करायचं ते दुसरीच्या उशाखालून काढायचं होतं. ते खाटेजवळ गेले. "सांगितलं होतं, आजी. आश्रितांत. पहिलं तुमचंच सांगितलं. आई, बायको, मुलगी. तेही माझ्याच अक्षरात आहे, आणि ते नीट लिहिलंय."

"पहिलं?"

"पहिलं."

म्हातारीनं बोटांवर मोजलं, आई, बायको, मुलगी. तोवर सून बाहेर आली होती, तोंड पुसत. "आई, ऐकलंत ना सगळं?"

"सगळं कुठं. गोष्टीची सुरुवात राहिली. त्यांना सांग पुन्हा सांगायला." आणि थोडं थांबून, भिंतीकडे बघत, "आता खोली तुझ्या नावावर होणार. मला कुठं टाकणार आहेस?"

"तुम्हाला टाकायला जागा कुठंय? माझ्याच डोक्यावर बसायचं आहे तुम्हाला. काका, कागद काढा."

कागद निघाला. नोंद दुरुस्तीचा अर्ज. कचेरीला अर्ज करणारी ती, पण चूक कुणाची हे लिहिणारा हात ती चूक करणाराच. पूर्णनावांनी सवयीनं लिहिलं, 'संबंधित लिपिकाच्या नजरचुकीमुळे'. ती खांद्यावरून वाचत होती. तिनं बोट ठेवलं. "संबंधित म्हणजे कोण?"

त्यांनी खोडून स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण.

"आणि नजरचूक नाही. नजर जागेवर होती. कानही जागेवर होते."

तेही खोडलं, 'निष्काळजीपणामुळे' लिहिलं. अकरा वर्षं गप्प राहिल्याचं तिनं सांगितलं नव्हतं, ते त्यांनी आपणहून खाली घातलं, तडा गेलेल्या कपाशिवाय. म्हातारीनं अंगठा दिला. देताना म्हणाली, "माझं नाव इथंही पहिलंच घाला." घातलं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, उठून साखरेचा डबा नेहमीच्या जागेवरून काढला आणि यांच्या हातात दिला. "चहा करा," त्या म्हणाल्या. "मला. अकरा वर्षं मी समजत होते, माणूस म्हातारा झाला म्हणून हसत नाही." त्या रात्री त्या एवढंच बोलल्या.

पोरीला जागा मिळाली, कारण त्या कामाला जुनीच प्रत चालत होती. दुरुस्तीच्या अर्जावर मात्र कचेरीनं अजून 'विचाराधीन'च्या पुढे काही कळवलेलं नाही. पूर्णनावांना तेवढी एक नोटीस आली, खुलासा करा म्हणून. त्यांनी खुलासा केला, चार पानी, एकही ओळ न वगळता. निवृत्तिवेतनाचं काय होईल ते होईल.

गुरुवार अजून चालू आहेत. पण आता स्टूल नाही आणि चहाही नाही. इस्त्रीवाली त्यांना रांगेत उभं करते, पाळी आली की "पुढचं" म्हणते, आणि सदरे मोजून घेते. पायपुसणं आणायला तिनं साफ मनाई केली आहे. देवमाणूस हा शब्द तिच्या तोंडी आता येत नाही, 'काका' मात्र येतो. म्हातारी तेवढी दर वेळी तो विनोद सांगायला लावते आणि दर वेळी मधेच झोपते. परवा शेवटाला इस्त्री हातात असताना सुनेचे खांदे हलले म्हणतात. खरं असेल, खोटं असेल. ही बातमी न्हाव्याकडची आहे.

न्हाव्याचंच सांगायचं तर तो मागच्या आठवड्यात दुकानाचा परवाना नव्यानं काढायला पूर्णनावांकडे फॉर्म घेऊन आला. दुकानात काम करणाऱ्यांची यादी हवी होती. पहिल्या ओळीत तो स्वतः, दुसऱ्या ओळीत त्याचा पाठचा भाऊ. पूर्णनावांनी पहिली ओळ भरली, वडिलांच्या नावासकट, आणि दुसऱ्या ओळीत वडिलांच्या नावापाशी येऊन पेन थांबवलं.

"आता काय झालं?" न्हावी म्हणाला. "कुणापासून लपलंय काय तुमचं? सगळ्या गल्लीला कळलंय, सगळ्यांचं बोलून झालंय. आता तरी ओढा की दोन रेघा. सख्खा भाऊ आहे हो माझा. त्याच्या बापाचं नाव वेगळं असणार आहे का?"

"नसेल," पूर्णनाव म्हणाले. "पण मी त्याच्या तोंडून ऐकून लिहीन. बोलवा त्याला."